उंच सूर, मवाळ आवाज : कर्टिस मेफील्डचे संगीत

अमेरिकेतील सोल आणि फंक या संगीतप्रकारांचे नाव निघाले की घामाने निथळणारा, रंगमंचावर गुडघे टेकणारा आणि गळ्याच्या शिरा ताणून गाणारा गायक बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि जेम्स ब्राउन, विल्सन पिकेट किंवा ओटिस रेडिंग यांच्यापुरते ते चित्र खरेही आहे. शिकागोचा गायक, गिटारवादक, गीतकार आणि संगीतकार कर्टिस मेफील्ड (१९४२–१९९९) मात्र या चित्रात बसत नाही. त्याचा सूर उंच होता, पण आवाज मवाळ होता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसा तो गात असे, आणि तरीही नागरी हक्कांच्या लढ्यापासून अमली पदार्थांनी पोखरलेल्या शहरी वस्त्यांपर्यंत कृष्णवर्णीय अमेरिकेचे जेवढे आयुष्य त्याने आपल्या गाण्यांत आणले, तेवढे त्याच्या पिढीतील फार थोड्या कलावंतांना आणता आले. या मवाळ आवाजामागे एक कणखर माणूस होता. आपण काय गायचे, कोणासाठी गायचे आणि गायलेल्या गाण्यावर मालकी कोणाची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने ऐन तारुण्यात ठरवली होती आणि ती पुढे तीस वर्षे बदलली नाहीत.

त्याच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी तीन संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय ख्रिस्ती उपासनामंदिरांतील सामूहिक भक्तिगायन, ज्यात मुख्य गायकाने टाकलेली ओळ समूहाने झेलायची, परतवायची आणि हळूहळू चढवत न्यायची असते. १९५० च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांसारख्या गायकांनी गॉस्पेलची ही गायनरीत लौकिक विषयांना, मुख्यतः प्रेमाला, लावली आणि त्यातून जे संगीत उभे राहिले त्याला सोल हे नाव पडले. फंक हे सोलचे पुढचे रूप असले तरी त्याची बांधणी निराळी आहे. चार मात्रांच्या आवर्तनात सोल संगीताचा ठेका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देतो, तर १९६० च्या दशकाच्या मध्यावर जेम्स ब्राउनने तो जोर पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या परिभाषेत समेवर, आणला आणि बास गिटार, ड्रम, गिटार व ब्रास यांना स्वरमेळाच्या कामातून काढून जणू तालवाद्यांच्याच रांगेत बसवले. फंकमध्ये सुरावट थोडकी असते. परस्परांत गुंतलेले ठेके हाच त्याचा देह असतो.

मेफील्डचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागो येथे झाला. पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंतच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक वंशभेदाचे कायदे, झुंडींची हिंसा आणि शेतमजुरीचे दारिद्र्य मागे टाकून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत आले. मिसिसिपी राज्यातून निघालेल्यांसाठी इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा मार्ग थेट शिकागोला येत असल्याने या शहरात दाक्षिणात्य कृष्णवर्णीयांची दाट वस्ती झाली आणि त्यांच्यासोबत ब्लूज व गॉस्पेलही आले. वडील लवकरच घर सोडून गेल्यामुळे कर्टिस आणि त्याची भावंडे आई व आजी यांच्या छत्राखाली, कमालीच्या ओढाताणीत वाढली. ही आजी स्वतः धर्मोपदेशक होती आणि तिचे छोटेसे उपासनामंदिर हीच नातवाची पहिली संगीतशाळा ठरली. तेथे तो लहानपणीच ‘नॉर्दर्न ज्युबिली गॉस्पेल सिंगर्स’ या गटातून गाऊ लागला आणि तेथेच त्याच्याहून वयाने थोडा मोठा असलेल्या जेरी बटलर याच्याशी त्याची गाठ पडली. पुढे हे कुटुंब कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहवसाहतीत राहायला गेले. ही वसाहत नंतरच्या काळात शहरी दारिद्र्याचे आणि गुन्हेगारीचे प्रतीक म्हणून देशभर कुप्रसिद्ध झाली, पण मेफील्डच्या गाण्यांत अशा वस्त्यांतली माणसे येतात तेव्हा ती नावगाव असलेली शेजारची माणसे असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याची दया त्यांत कोठेही आढळत नाही.

गिटार तो आपला आपण शिकला, आणि या स्वयंशिक्षणातून त्याच्या वादनाला जन्मभराचे वैशिष्ट्य लाभले. त्याआधी तो पियानोवर बोटे फिरवत असे, आणि त्यातही त्याला काळ्या पट्ट्यांचा लळा होता. त्यामुळे गिटार हाती आल्यावर तिच्या तारा कशा लावतात हे कोणालाही न विचारता त्याने त्या पियानोच्या काळ्या पट्ट्यांनुसार लावून टाकल्या. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या सहा तारा काळी ३, काळी ५, काळी १, पुन्हा काळी ३, काळी ५ आणि काळी ३ अशा लागत. गिटारच्या प्रचलित जुळणीत मोकळ्या तारा एकत्र छेडल्या तर कोणताही ओळखीचा स्वरमेळ निघत नाही, मेफील्डच्या जुळणीत मात्र त्या तारांतूनच एक भरलेला, गोड स्वरमेळ वाजतो आणि त्याच्या अवतीभवती बोटांनी छोट्या सुरावटी गुंफणे सोपे जाते. त्याच्या वादनात पल्लेदार एकल करामती फारशा नाहीत. गायनाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत पडणाऱ्या दोन-तीन स्वरांच्या बारीक जागा हेच त्याचे अलंकार होते. जिमी हेन्ड्रिक्ससारख्या वादळी वादकाच्या शांत, स्वरमेळप्रधान गाण्यांतही मेफील्डच्या या शैलीची छाया ओळखता येते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम गुडन आणि रिचर्ड व आर्थर ब्रुक्स हे बंधू टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावाहून शिकागोला आले. त्यांच्या ‘रूस्टर्स’ या गटाला जेरी बटलर जाऊन मिळाला, पाठोपाठ त्याने मेफील्डलाही ओढून आणले आणि गटाचे नाव ‘द इम्प्रेशन्स’ असे झाले. १९५८ मध्ये त्यांची ‘फॉर युअर प्रेशस लव्ह’ ही तबकडी गाजली, तेव्हा मेफील्ड जेमतेम सोळा वर्षांचा होता. तबकडीवर मात्र कंपनीने ‘जेरी बटलर आणि द इम्प्रेशन्स’ असे छापले. या एका नावाने गटात बेबनाव झाला आणि बटलर लवकरच वेगळा होऊन एकल गायक बनला. मेफील्डने त्याच्याशी वैर धरले नाही. उलट तो बटलरच्या दौऱ्यांवर गिटार वाजवायला जाऊ लागला, १९६० मध्ये त्याच्यासाठी ‘ही विल ब्रेक युअर हार्ट’ या यशस्वी गाण्याच्या रचनेत सहभागी झाला, आणि या दौऱ्यांतून साठवलेल्या पैशांवर त्याने विखुरलेल्या इम्प्रेशन्सना पुन्हा एकत्र आणून न्यूयॉर्क गाठले. तेथे एबीसी-पॅरामाउंट या मोठ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेले ‘जिप्सी वूमन’ हे १९६१ मधील गाणे गटाला पुन्हा उभे करणारे ठरले.

याच सुमारास त्याने केलेली दुसरी गोष्ट गायनाइतकीच महत्त्वाची होती: विशीच्या आसपासच त्याने स्वतःच्या गाण्यांसाठी प्रकाशनसंस्था काढली. येथे ‘प्रकाशन’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा. एका तबकडीत दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात; एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, जी बहुधा कंपनीकडे असते, आणि दुसरी मूळ रचनेची, म्हणजे शब्द व चाल यांची, जिचा कारभार प्रकाशक पाहतो. १९०९ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे एका गाण्याच्या रचनेसाठी दोन सेंट असा दर ठरवून दिला होता आणि तो १९७७ पर्यंत तसाच राहिला. प्रघात असा की त्यातला एक सेंट रचनाकाराला जाई आणि एक प्रकाशकाला. दहा लाख प्रती खपल्या तर गाणे लिहिणाऱ्याच्या वाट्याला दहा हजार डॉलर येत आणि तेवढेच डॉलर, गाण्याची एक ओळही न लिहिलेला प्रकाशक नेई. शिवाय ते गाणे पुढे कोणीही गायले, चित्रपटात घेतले, नभोवाणीवर वाजवले, तरी ही वाटणी चालूच राही. कित्येक कृष्णवर्णीय रचनाकारांना हा हिशेब कोणी सांगितलाच नव्हता, आणि घरभाड्याची अडचण भागवण्यासाठी त्यांनी आपली गाणी किरकोळ रकमांवर कायमची विकून टाकली. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपन्यांतही परिस्थिती फार वेगळी नसे. डेट्रॉइटच्या विख्यात मोटाउन कंपनीत प्रकाशनाचे हक्क संस्थापक बेरी गॉर्डीच्या संस्थेकडे जात. शाळा अर्धवट सोडलेल्या मेफील्डला हे गणित इतक्या कोवळ्या वयात उमगले आणि त्याने ते अमलात आणले, याचे महत्त्व त्याच्या कोणत्याही लोकप्रिय गाण्यापेक्षा कमी मानता येणार नाही.

ब्रुक्स बंधू बाहेर पडल्यावर मेफील्ड, गुडन आणि फ्रेड कॅश असे तिघेच उरले आणि इम्प्रेशन्सचे खरे रूप या त्रयीतच घडले. मेफील्ड फॉल्सेटोत गात असे. फॉल्सेटो म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या पट्टीपलीकडे जाऊन, गळा हलका सोडून काढलेला पातळ, उंच सूर. गॉस्पेल गटांच्या रिवाजाप्रमाणे मुख्य ओळ तिघांत फिरे, एकाच्या तोंडची ओळ दुसरा पुरी करी आणि शेवटी तिघे एकत्र येत. जॉनी पेट या जाझ क्षेत्रातून आलेल्या संगीत-संयोजकाने या त्रयीभोवती ब्रासचे ठाशीव आणि तंतुवाद्यांचे तरल आवरण बांधले. १९६३ मधील ‘इट्स ऑल राइट’ हे गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या विक्रीयादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. त्याच काळात मेफील्ड शिकागोतच ओके या कंपनीसाठी इतरांनाही गाणी पुरवत होता. मेजर लान्सने गायलेले ‘द मंकी टाइम’ हे त्यांतले सर्वांत परिचित. शिकागो सोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या, लवचीक शैलीचा मोठा भाग या एका तरुणाच्या वहीतून आलेला आहे.

‘कीप ऑन पुशिंग’ (१९६४) आणि ‘पीपल गेट रेडी’ (१९६५) या गाण्यांपासून त्याच्या लेखनाची दिशा स्पष्ट झाली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील नागरी हक्कांच्या चळवळीत ही गाणी मोर्च्यांत व सभांत म्हटली जाऊ लागली, मात्र त्यांत ना कोणत्या कायद्याचे नाव होते ना कोणत्या नेत्याचे. ‘पीपल गेट रेडी’ हे गाणे एका येऊ घातलेल्या आगगाडीच्या रूपकावर उभे आहे, आणि कृष्णवर्णीय अमेरिकेत या रूपकाला तीन पदर आहेत. पहिला पदर बायबलमधील मुक्तीच्या प्रवासाचा. दुसरा गुलामगिरीच्या काळात पळून आलेल्या गुलामांना गुपचूप उत्तरेकडे पोचवणाऱ्या त्या साखळीचा, जिला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. आणि तिसरा, अगदी ताजा पदर त्या खऱ्याखुऱ्या गाड्यांचा, ज्यांत बसून श्रोत्यांचे आईवडील दक्षिण सोडून आले होते. नभोवाणीवाल्यांना हरकत घेण्याजोगे त्यात काहीच सापडत नव्हते आणि ज्यांना कळायचे त्यांना सगळे कळत होते. गोऱ्या श्रोत्यांतही या गटाचा आदर होता; बॉब डिलनच्या १९६५ मधील ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याच्याभोवती पसरलेल्या तबकड्यांत ‘कीप ऑन पुशिंग’ही दिसते.

दशक संपत आले तशी चळवळीची भाषा बदलली. समान हक्कांच्या मागणीसोबत कृष्णवर्णीय असण्याचा उघड अभिमान आणि स्वतःच्या वस्तीवर स्वतःची सत्ता ही मागणी पुढे आली, जिला ‘ब्लॅक पॉवर’ म्हणतात. याच प्रवाहातील ब्लॅक पँथर संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव घेतले. मेफील्डचे ‘वी आर अ विनर’ हे गाणे १९६७ च्या अखेरीस आले तेव्हा त्यातला आत्मविश्वास काही नभोवाणी केंद्रांना इतका झोंबला की त्यांनी ते वाजवायचेच टाळले, आणि तरीही ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिले आले. १९६८ मध्ये मेफील्डने व्यवस्थापक एडी थॉमस याच्यासह ‘कर्टम’ ही स्वतःची तबकडी-कंपनी स्थापन केली. कर्टिस आणि थॉमस या दोन नावांच्या तुकड्यांतून हे नाव जुळवलेले होते. आता रचनेबरोबर ध्वनिमुद्रणावरही त्याचाच शब्द चालणार होता.

१९७० मध्ये इम्प्रेशन्सचा निरोप घेऊन त्याने ‘कर्टिस’ हा पहिला एकल अल्बम काढला. जुन्या श्रोत्यांना त्याचा पहिलाच तुकडा हादरवणारा होता, कारण जाड, खरखरीत केलेल्या बास गिटारच्या ठेक्यावर तो सर्व वर्णांच्या लोकांना एकाच नरकाची वाट दाखवत होता. ब्राउनच्या फंकपेक्षा मेफील्डचे फंक कसे निराळे होते हे येथून स्पष्ट दिसते. ब्राउनचा वाद्यवृंद शिस्तबद्ध पलटणीसारखा एका इशाऱ्यावर थांबतो आणि सुटतो. मेफील्डच्या वाद्यवृंदात ‘मास्टर’ हेन्री गिब्सनचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच क्युबन ढोल, अखंड वाहत राहतात, जोसेफ ‘लकी’ स्कॉटचा बास त्यांखाली सावकाश पावले टाकतो, गिटार वा-वा पेडलमधून बोलते (पायाने दाबायचे हे उपकरण तारेच्या नादाला माणसाच्या तोंडच्या उघडझापीसारखे वळण देते), आणि या सगळ्यावर तोच पातळ, न चिडणारा आवाज. याच अल्बममधील ‘मूव्ह ऑन अप’ जवळजवळ नऊ मिनिटे चालते. शब्द त्याच्या पूर्वार्धातच संपतात आणि उरलेला वेळ तालवाद्ये व ब्रास यांच्याकडे जातो. या गाण्याने अमेरिकी विक्रीयादीत काही विशेष केले नाही, ब्रिटनमध्ये मात्र १९७१ मध्ये त्याची आखूड आवृत्ती १२ व्या क्रमांकावर पोचली.

‘सुपर फ्लाय’ (१९७२) हे मेफील्डच्या कारकिर्दीचे शिखर मानले जाते आणि ते रास्तच आहे. त्या काळी कृष्णवर्णीय नायक, शहरी गुन्हेगारी आणि झगमगीत पोशाख यांचे मिश्रण असलेल्या कमी खर्चाच्या चित्रपटांची लाट आली होती. गॉर्डन पार्क्स ज्युनिअर दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक, रॉन ओनील याने साकारलेला प्रीस्ट, कोकेनचा धंदेवाईक विक्रेता आहे आणि एक शेवटचा मोठा सौदा करून त्याला या धंद्यातून बाहेर पडायचे आहे. मेफील्डला संहिता आवडली होती, पण पडद्यावर तीच कथा कोकेनच्या जाहिरातीसारखी दिसू लागली आहे असे त्याचे मत झाले, कारण कॅमेरा प्रीस्टच्या मोटारीवर, लांब कोटावर आणि ऐटीवर भाळलेला होता. अशा वेळी संगीतकाराने काम सोडावे किंवा मुकाट्याने पुरे करावे अशी रीत आहे. मेफील्डने तिसरा मार्ग काढला. चित्रपटात जे म्हटले गेले नाही ते त्याने गाण्यांत म्हटले, आणि अल्बम चित्रपटाआधी बाजारात आणल्यामुळे प्रेक्षक चित्रगृहात शिरताना ते ऐकूनच शिरले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘फ्रेडीज डेड’. फ्रेडी हे चित्रपटातले दुय्यम पात्र आहे. प्रीस्टच्या हाताखालचा हा दुबळा माणूस पोलिसांच्या तावडीतून पळताना मोटारीखाली सापडून मरतो आणि कथा त्याच्यावर फार न थांबता पुढे सरकते. मेफील्डने या विसरल्या जाणाऱ्या माणसावरच अल्बममधील सर्वांत देखणे गाणे रचले आणि त्याला वापरून फेकून देणाऱ्या सर्वांना त्याच्या मृत्यूचा जाब विचारला. पडद्यावर या गाण्याचे फक्त वाद्यसंगीत वाजते, शब्द नाहीत, आणि याच कारणाने ते ऑस्करच्या स्पर्धेस अपात्र ठरले. पण तबकडी म्हणून ते अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. ‘पुशरमॅन’ हे गाणे याहून गुंतागुंतीचे आहे. त्यात मेफील्ड विक्रेत्याच्याच तोंडून बोलतो, ठेका विलक्षण मोहक आहे, आणि तो मोह श्रोत्याला जाणवल्याखेरीज धंद्याची पकड कशी बसते हे कळणार नाही हे रचनाकाराने ओळखले आहे. स्वतः मेफील्ड व त्याचे सहवादक हे गाणे चित्रपटातील एका क्लबात वाजवताना दिसतात. अल्बम चार आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिल्या स्थानावर राहिला. एखाद्या चित्रपटाच्या संगीताने त्याच चित्रपटाशी इतक्या सभ्यपणे आणि इतक्या ठामपणे असहमती नोंदवल्याची उदाहरणे विरळाच सापडतील.

यानंतरची चार-पाच वर्षे अफाट कामाची होती. ‘बॅक टू द वर्ल्ड’ (१९७३) या अल्बमचे शीर्षक व्हिएतनाममधील सैनिकांच्या बोलीतून आले होते. युद्धभूमीवर ते मायदेशाला नुसते ‘जग’ म्हणत, आणि त्या जगात परतल्यावर बेकारी व उपेक्षा कशी वाट पाहत असते ते या अल्बमने दाखवले. चित्रपटांसाठी त्याने ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स (‘क्लॉडीन’, १९७४), स्टेपल सिंगर्स (‘लेट्स डू इट अगेन’, १९७५) आणि अरीथा फ्रँकलिन (‘स्पार्कल’, १९७६) यांच्याकरिता पूर्ण अल्बम रचले आणि त्यांपैकी स्टेपल सिंगर्सचे शीर्षकगीत अमेरिकेच्या यादीत पहिले आले. स्वतःच्या गळ्याला जे पेलणार नाही ते दुसऱ्याच्या, विशेषतः स्त्रियांच्या, भरदार गळ्यासाठी लिहिण्याची त्याची हातोटी या रचनांतून दिसते.

१९७५ मधील ‘देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे’ हा अल्बम त्या मानाने कमी खपला, पण गुणवत्तेने तो ‘सुपर फ्लाय’च्या पंगतीत बसवायला हरकत नाही. त्याचे मुखपृष्ठ मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९३७ मध्ये लुईव्हिल येथील महापुरानंतर टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रावरून चितारलेले आहे. वर प्रचंड जाहिरात फलक, त्यावर मोटारीतून फिरायला निघालेले हसरे गोरे कुटुंब आणि अमेरिकी सुबत्तेची ग्वाही. खाली त्याच फलकाच्या पायाशी, हातात टोपल्या-पिशव्या घेऊन मदतीच्या रांगेत उभी असलेली कृष्णवर्णीय माणसे. आतले संगीतही तसेच उघडे, संथ आणि विरळ आहे. वाद्ये इतकी मोजकी की दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू यावी, आणि गळा जवळजवळ कुजबुजीपर्यंत उतरलेला.

डिस्कोच्या लाटेत त्याने केलेले अल्बम याच्या पासंगाला पुरत नाहीत. एकसुरी, न लवचणाऱ्या ठेक्यात त्याच्या गाण्याला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही. १९८० मध्ये शिकागोतील कर्टमचा कारभार बंद पडला, त्याने कुटुंबासह अटलांटा येथे बिऱ्हाड केले आणि ते दशक दौरे व तुरळक अल्बम यांत गेले.

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील विंगेट फील्ड या मैदानावर खुल्या रंगमंचावर त्याचा कार्यक्रम होता. तो मंचावर येतो न येतो तोच वादळी वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा कोसळून त्याच्यावर पडला, मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे सारे शरीर कायमचे निकामी झाले. आपल्या खास जुळणीची गिटार तो पुन्हा कधीच वाजवू शकला नाही. गाणेही जवळपास अशक्य होते, कारण गायनाला लागणारा दम छाती आणि पोट यांच्यामधला पडदा देतो आणि त्याच स्नायूंवरचा ताबा सुटला होता. तरीही १९९६ मध्ये ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. पाठीवर आडवे झोपल्यास फुप्फुसांना थोडे बळ मिळते हे ध्यानात आल्यावर तो त्या स्थितीत एका वेळी एखादीच ओळ गाई, थांबे, पुन्हा दम साठवी, आणि असे तुकडे जोडून एकेक गाणे सिद्ध होई. अरीथा फ्रँकलिन आणि मेव्हिस स्टेपल्स यांनी या अल्बममध्ये त्याला साथ दिली. या इतिहासाची माहिती नसलेल्या श्रोत्याला त्यातले सांधे जाणवत नाहीत, आणि याचे एक कारण असे की मेफील्डची गायकी मुळातच लांब तानांवर नव्हे, तर छोट्या, बोलल्यासारख्या वाक्यखंडांवर उभी होती. मधुमेहामुळे १९९८ मध्ये त्याचा उजवा पाय काढावा लागला आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी जॉर्जिया राज्यातील रॉझवेल येथे त्याचे निधन झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने त्याला दोनदा मान दिला, १९९१ मध्ये इम्प्रेशन्सचा सभासद म्हणून आणि १९९९ मध्ये एकल कलावंत म्हणून.

त्याच्या गाण्यांचा संसार त्याच्यामागेही चालू आहे, आणि त्यात जमैकाचा वाटा ठळक आहे. किंग्स्टनमधील बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर या तरुणांच्या ‘वेलर्स’ त्रयीने आपल्या गायनाची घडण इम्प्रेशन्सवर बेतली होती. त्यांच्या १९६५ मधील ‘वन लव्ह’ या गाण्यात ‘पीपल गेट रेडी’चा अंश सरळ उचललेला होता आणि तबकडीवर मेफील्डचे नाव नव्हते. मार्लीने तेच गाणे १९७७ मध्ये ‘एक्झोडस’ या अल्बमसाठी नव्याने गायले तेव्हा मात्र ते जगभर विकले जाणार होते, रचनेचे हक्क कोणाचे याची चौकशी होणार होती, आणि म्हणून त्याच्या शीर्षकात मूळ गाण्याचे नाव आले आणि रचनाकार म्हणून मार्लीसोबत मेफील्डचे नाव नोंदले गेले. पुढे हिप-हॉपने सॅम्पलिंगचे तंत्र आणले, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातील तुकडा कापून त्यावर नवे गाणे बांधण्याचे, तेव्हा ब्रास आणि काँगा यांनी भरलेले मेफील्डचे अल्बम निर्मात्यांच्या हाती पुन्हा पुन्हा येऊ लागले; कान्ये वेस्टचे २००५ मधील ‘टच द स्काय’ हे ‘मूव्ह ऑन अप’च्या ब्रासवरच उभे आहे. अशा प्रत्येक वापरासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची वेगवेगळी परवानगी काढावी लागते, आणि नव्या गाण्याच्या श्रेयनामावलीत कर्टिस मेफील्ड हे नाव गीतकार म्हणून छापावे लागते.